बातमीतला कर्ता

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दीड महिना एका स्थानिक साप्ताहिकात काम केलं. काम म्हणजे काय, तर हिंदी-गुजरातीत आलेल्या बातम्या मराठीत करायच्या, सत्कारांच्या फोटोंखाली नावं टाकायची आणि गुरुवारी रात्री पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायची. मानधन नव्हतं. चहा होता, आणि आपण 'पत्रकारिता' करतोय ही भावना होती, ती फुकट मिळत होती. त्या दीड महिन्यात मी लिहिलेल्या एका बातमीबद्दल हा लेख आहे. बातमी सहा ओळींची होती.

आपल्याच भागातली एक मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. एक मुलगा दिवाळीपासून तिच्या मागे होता. कॉलेजच्या गेटवर उभा राहायचा, तिच्याच बसमध्ये चढायचा, नंबर बदलून बदलून मेसेज करायचा. परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी स्टँडवर त्याने तिचा हात धरून ओढलं. ती ओरडली तेव्हा सगळ्यांसमोर मारलं, बाही फाटली. तिने तक्रार दिली. पोलिसांकडून आलेल्या हिंदी कागदात सरळ लिहिलं होतं की आरोपी तिचा पीछा करत होता. मी तो कागद समोर ठेवला आणि मथळा लिहिला: 'एकतर्फी प्रेमातून कॉलेज तरुणीशी छेडछाड, भरदिवसा मारहाण'.

कागदात 'प्रेम' हा शब्द कुठेही नव्हता. तो मी घातला. कुणी सांगितलं नव्हतं. अशा बातमीला मराठीत असाच मथळा असतो हे मला इतकं पाठ होतं की हात आपोआप तसे चालले. संपादक काकांनी वाचून "छान, जमतंय गं तुला" म्हटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जुलैत पाऊस सुरू झाल्यावर किलवणी नाक्यावरून बसमध्ये चढले तर शेजारी एक मुलगी येऊन बसली. एका मैत्रिणीकडून तिला कळलं होतं की बातमी मी लिहिली. भांडायला आली नव्हती. शांतपणे म्हणाली, "ताई, एक विचारू? त्यात प्रेम कुठून आलं?"

मी काय सांगणार? मग तिनेच पुढचं सांगितलं. तिच्या वडिलांना घटना माहीत होती, पोलीस स्टेशनला तेच घेऊन गेले होते. पण बातमी फिरत फिरत त्यांच्या कंपनीच्या ग्रुपवर आली. कुणीतरी खाली हसरा चेहरा टाकला. रात्री त्यांनी तिला विचारलं, "कधीपासून चालू होतं?" ज्या माणसाने स्वतः तक्रार लिहून दिली, त्याला माझ्या मथळ्याने शंका दिली. तीन आठवडे ती घरी होती. पेपर दिले ते आईने सोबत येऊन.

तेव्हापासून मी बातम्या वेगळ्या वाचायला लागले.

आपल्याला शाळेत कर्ता ओळखायची एक युक्ती शिकवली होती, आठवत असेल. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि विचारायचं, कोण? 'राम आंबा खातो.' खाणारा कोण? राम. आता ही युक्ती आपल्या बातम्यांना लावून बघा. 'विद्यार्थिनीवर अत्याचार झाला.' होणारा कोण? अत्याचार. म्हणजे या वाक्याचा कर्ता अत्याचारच आहे. जसा पाऊस झाला, भूकंप झाला, तसा अत्याचार झाला. कुणी केला नाही, तो आपला झाला. दुसरं वाक्य घ्या: 'विद्यार्थिनी वासनेला बळी पडली.' पडणारी कोण? विद्यार्थिनी. इथे तर कर्ता तीच! आणि 'अंधाराचा फायदा घेऊन', 'एकटी असल्याची संधी साधून', 'मित्रासोबत गेली असता' ही शेपटं जोडली की वाक्यात माणूस नसतो. अंधार असतो, एकटेपण असतं, मित्र असतो, आणि मुलगी.

व्याकरणाच्या सरांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, मराठीत हे वाक्य चूक नाही. बरोबर आहे, चूक नाहीच. 'त्याने विद्यार्थिनीवर अत्याचार केला' हेही चूक नाही. दोन बरोबर वाक्यांतलं आपण दरवेळी पहिलंच का उचलतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता 'एकतर्फी प्रेम'. हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत किती जुना आहे हे शोधायला गेले तर मागे मागेच जात राहिले. 1990 चा मार्च महिना, उल्हासनगर. दहावीची परीक्षा चालू असताना काही तरुण परीक्षा केंद्रात शिरले आणि पेपर लिहीत असलेल्या मुलीला पेट्रोल टाकून जाळलं. महाराष्ट्र हादरला. त्या घटनेला जे नाव चिकटलं ते एकतर्फी प्रेम. 3 फेब्रुवारी 2020, वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. कॉलेजात शिकवणारी तरुण प्राध्यापिका सकाळी बसमधून उतरून कॉलेजकडे चालली होती. पाठलाग करणाऱ्याने नांदोरी चौकात तिच्यावर पेट्रोल टाकून पेटवलं. आठवड्याने, 10 फेब्रुवारीला, ती नागपूरच्या रुग्णालयात गेली. मारणारा लग्न झालेला माणूस होता. 2022 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. न्यायालय त्याला खुनी म्हणालं. आपल्या बातम्यांत शेवटपर्यंत 'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द होते. जून 2023, पुण्याची सदाशिव पेठ. कॉलेजच्या मुलीमागे कोयता घेऊन तरुण धावला, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या लेशपाल जवळगे आणि इतर मुलांनी मध्ये पडून तिला वाचवलं. पुन्हा तेच, एकतर्फी प्रेम.

तेहतीस वर्षं. पेट्रोल, पेट्रोल, कोयता. आणि तिन्हींवर एकच लेबल, जे खरं तर एखाद्या हळव्या कवितेवर लागायला हवं. एकतर्फी प्रेम जगात असतंच. आपल्या या अंकातही दोन-तीन कविता त्यावर असतील, असू देत. मागच्या बाकावर बसून तिच्या वेणीकडे बघत वर्ष घालवणं हे एकतर्फी प्रेम. त्यात समोरच्याला कळतसुद्धा नाही, त्रास सगळा स्वतःला. जो गेटवर रोज उभा राहतो, नंबर मिळवतो, 'नाही' ऐकल्यावर हात उचलतो, त्याचं काहीही एकतर्फी नसतं; दुसरी बाजू रोज घाबरलेली असते. कायद्याने 2013 मध्ये या वागण्याला स्वतंत्र गुन्हा म्हणून नाव दिलं. आधी भारतीय दंड संहितेचं कलम 354 ड, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 78. मराठीत त्याला साधा शब्द आहे: पाठलाग. शब्द हाताशी असून आपण वापरत नाही. मी वापरला नाही.

'प्रेमातून' मधला तो 'तून' पण बघा. विहिरीतून पाणी, प्रेमातून पेट्रोल. जणू प्रेम हे उगमस्थान. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप पुढचा प्रश्न तयार होतो: मग हिने काहीतरी केलं असेल ना, हसली असेल, बोलली असेल. बसमधल्या मुलीच्या वडिलांचा प्रश्न तोच होता. तो त्यांचा नव्हताच, मथळ्याचा होता.

बाकीचे शब्द यापेक्षा गमतीचे आहेत, म्हणजे गंमत वाटते हाच त्यांचा दोष. 'रोडरोमिओ' घ्या. हा शब्द मराठी पत्रकारांनी कुठून शोधला देव जाणे. शेक्सपिअरचा रोमिओ ज्युलिएटवर जीव टाकतो आणि तीही त्याच्यावर टाकते, गोष्ट दोघांची आहे. त्याचं नाव आपण बसस्टॉपवर शिट्ट्या मारणाऱ्याला दिलं. 'रोडरोमिओंचा सुळसुळाट' म्हटलं की उंदीर-झुरळांची बातमी वाटते, जरा त्रासदायक, जरा विनोदी. 'छेडछाड' तर आपल्या भागात तिन्ही भाषांत आहे. हिंदीत छेडखानी, गुजरातीत छेडती, मराठीत छेडछाड. सतार छेडतात, सूर छेडतात, आणि मुलीला छेडतात. त्या दिवशी स्टँडवर फाटलेली बाही या शब्दात कशी मावणार? सर्वोच्च न्यायालयाने 16 ऑगस्ट 2023 रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड असताना, न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. स्त्रियांबद्दलचे कोणते शब्द निकालात वापरू नयेत आणि त्याऐवजी काय लिहावं याची त्यात यादीच आहे. 'ईव्ह टीझिंग' हा शब्द त्यात बाद आहे, त्याऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ असं स्पष्ट म्हणायला सांगितलं आहे. न्यायालयांना आपली भाषा तपासावीशी वाटली. आपली वर्तमानपत्रं अजून छेडतायत.

'अतिप्रसंग' हा शब्द मी लहानपणी ऐकला तेव्हा मला वाटलं होतं की खूप मोठा समारंभ. हसू नका. बलात्कार हा शब्द उच्चारायचा नसतो म्हणून अतिप्रसंग, कुकर्म, दुष्कर्म, अब्रू लुटली, असे आडवळणाचे शब्द आले. खरं तर 'बलात्कार' इतका नेमका शब्द दुसरा नाही. बळाने केलेलं कृत्य. त्यात वासना नाही, अब्रू नाही, मोह नाही. फक्त बळ आणि ते वापरणं. आणि आपण तोच टाळतो. अब्रू लुटली म्हटलं की लुटलेली वस्तू आता तिच्याकडे राहिली नाही असा अर्थ होतो. चोरी झालेल्या घरी लोक चोराची चौकशी करतात. इथे मात्र रिकाम्या कपाटाकडे बोट दाखवलं जातं. कायद्यातला 'विनयभंग' हाही त्याच घराण्यातला; 1860 च्या दंड संहितेत स्त्रीचा विनय भंग होतो असं धरलं होतं, तो शब्द आजही आहे. भंग झाला तो मुलीच्या मनाच्या शांततेचा, रोजच्या बसचा, परीक्षेचा. विनय तिचा जिथे होता तिथेच आहे.

आता घरातली गोष्ट.

माझी आई जळगाव जिल्ह्यातली. 1994 मध्ये ती बारावी पास झाली आणि जळगावच्या कॉलेजात प्रवेश घेणार होती. गावातून कॉलेजला जाणारी तिच्या घरातली पहिलीच. त्याच पावसाळ्यात जळगावचं ते प्रकरण बाहेर आलं. शाळा-कॉलेजातल्या मुलींना फसवून, त्यांचे फोटो काढून, ते दाखवण्याची धमकी देऊन त्यांच्यावर पुन्हा पुन्हा बलात्कार केले गेले होते. आरोपींत नगरसेवकांचीही नावं होती. तपासात पुढे असलेल्या पोलीस अधिकारी होत्या मीरां चढ्ढा बोरवणकर. वर्तमानपत्रांत शेकड्यांनी आकडे फिरत होते. तक्रार द्यायला पुढे आल्या त्या फार थोड्या मुली.

त्या प्रकरणाचं मराठी वर्तमानपत्रांतलं नाव काय? 'वासनाकांड'. इंग्रजीत 'सेक्स स्कँडल'. तीस वर्षांनी आजही तेच. या दोन शब्दांत धमकी कुठे आहे? खंडणीसारखा वापरलेला फोटो कुठे आहे? कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची भीती कुठे आहे? वासना आहे, सेक्स आहे, कांड आहे. वासना कुणाची तेही नावात नाही, म्हणजे ज्याला जी घ्यायची ती त्याने घ्यावी. लोकांनी मुलींची घेतली. आई सांगते, त्या वर्षी 'जळगावला शिकते' एवढं सांगितलं तरी पाहुणे एकमेकांकडे बघायचे. स्थळं परत गेली. ज्या मुलींचा काही संबंध नव्हता त्यांची पण.

आजोबा वाईट माणूस नव्हते. ते चावडीवर पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, गावात त्यांना मान होता. एक दिवस पेपर दुमडून घरी आले आणि आजीला म्हणाले, "आते बस कॉलेज." आईला समोर बोलावलंसुद्धा नाही. दोन वर्षांनी लग्न झालं, बाबांना इथे मसाटला कंपनीत नोकरी लागली, आणि आई सेलवासला आली. तिचा बारावीचा निकाल अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेला आहे. मी एकदा विचारलं, तुला आजोबांचा राग येत नाही? म्हणाली, "त्यांनी काय केलं? पेपरात आलं तसं ते समजले."

मी हे वाक्य पूर्वीही ऐकलं होतं. पण बसमधल्या प्रसंगानंतर पुन्हा आठवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. आईचं कॉलेज ज्या प्रकारच्या शब्दाने बंद झालं, तसाच शब्द मी कुणाच्या तरी मुलीसाठी टाइप केला होता. आणि त्या मुलीचं कॉलेज बंद होता होता राहिलं ते तिची आई हट्टाला पेटली म्हणून. माझ्यामुळे नाही.

कुणी म्हणेल, 1994 जुनं झालं. त्याहून जुनी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्यासारख्याच आदिवासी मुलखातली आहे. 26 मार्च 1972, देसाईगंज. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. एका अल्पवयीन वयाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात पोलिसाने बलात्कार केला, असा आरोप होता. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं आणि ती खोटारडी आहे असं म्हटलं, तिला शरीरसंबंधांची सवय आहे असंही म्हटलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिने विरोध केला नसावा, असा एकूण तर्क. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणजे भांडण शब्दाच्या अर्थाचं होतं, आणि भांडायला आले ते शिक्षक, हे मला वाङ्मय मंडळाची सभासद म्हणून फार आवडतं. देशभर मोर्चे निघाले, आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

त्याच 1983 च्या दुरुस्तीत आणखी एक कलम आलं: बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापायची नाही. गंमत बघा, कायद्याच्या पुस्तकात या खटल्याचं नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आहे. तुकाराम म्हणजे आरोपी पोलिसांपैकी एक. पण तुम्हा-आम्हाला प्रकरण माहीत आहे ते त्या मुलीच्या नावाने. ज्या मुलीमुळे नाव न छापण्याचा कायदा झाला, तिचंच नाव पन्नास वर्षं छापलं जातंय. मी इथे लिहीत नाही.

नाव छापायचं नाही हे आता बहुतेक पत्रकार पाळतात. मग नावाऐवजी काय छापतात? गाव, वय, कॉलेजची शाखा, वर्ष, वडील कुठल्या कंपनीत. 2018 मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापू नये, मुलगी मरण पावली असली तरी. मुंबईत 'वीस वर्षांची कॉमर्सची विद्यार्थिनी' म्हटलं तर हजारो असतील. आपला दादरा नगर हवेली 2011 च्या जनगणनेत सगळा मिळून 3 लाख 43 हजारांचा. इथे एवढं सांगितलं की संध्याकाळपर्यंत झेंडा चौकातल्या टपरीवर घराचा पत्ता निघतो.

आरोपीचं काय होतं? प्रकरण मोठं असेल तर तो 'नराधम' होतो. या शब्दावर माझा राग आहे असं म्हटलं की मैत्रिणी चमकतात. अगं, त्याला नराधम नाही तर काय म्हणायचं? पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन देणारा. नराधम म्हटलं की डोळ्यासमोर लाल डोळ्यांचा, रात्री झुडपातून येणारा कुणी येतो. मग आपल्या वर्गातला हुशार मुलगा, प्रोजेक्टला मार्क देणारे सर, रिक्षाने सोडणारे काका यांच्यापैकी कुणी काही केलं तर मुलीला स्वतःलाच वाटतं, हे ते नसेल, कारण हा काही नराधम नाही. 'आरोपी' हा शब्द पुरेसा आहे. गुन्हा सिद्ध झाला की 'दोषी'. जरा कोरडा शब्द, पण खरा.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो, आणि काकांनीही तो घेतला. मी त्यांच्याकडे पुन्हा गेले होते, सांगायला की आपण चुकलो. ते म्हणाले, "बेटा, 'त्याने केला' असं मी छापलं आणि उद्या तो सुटला तर? माझ्यावर केस कोण लढणार?" हे खोटं नाही. छोट्या साप्ताहिकाला वकील परवडत नाही. 'झाला' हा शब्द भित्रेपणाचा असेल, पण ती भीती रास्त आहे. मी म्हटलं, "काका, 'त्याने केला' लिहू नका. 'त्याने पाठलाग करून मारहाण केल्याची तक्रार तिने दिली' असं लिहा. देणारी कोण? ती. केल्याचा आरोप कुणावर? त्याच्यावर. कुठे अडकतं?" काका बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "मथळा फार लांब होतो गं." आता यावर काय बोलायचं! चार शब्दांच्या जागेसाठी आपण एक मुलगी घरी बसवतो. पण त्यांनी पुढच्या अंकात एका बातमीत 'छेडछाड' खोडून 'लैंगिक छळ' केलं, हेही सांगायला हवं.

आणि आपण काही फार वेगळे नाही. यूजीसीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. तक्रार विद्यार्थ्यांची असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी समितीत असावे लागतात. त्या नियमांत मुलं आणि तृतीयपंथी विद्यार्थीही धरले आहेत, हे किती जणांना माहीत आहे? आपण तिला 'लेडीज कमिटी' म्हणतो. म्हणजे हळदीकुंकवाचं मंडळ. सूचनेचा कागद इंग्रजीत, जिन्याखाली, आणि खानवेलहून येणारी मराठी किंवा वारली बोलणारी मुलगी तो वाचून 'हे माझ्यासाठी आहे' असं समजेल ही अपेक्षा. मी वर्गात दहा जणींना विचारलं, तुमच्या बाबतीत कधी लैंगिक छळ झालाय का? सगळ्या नाही म्हणाल्या. मग विचारलं, बसमध्ये कुणी मुद्दाम अंगाला अंग लावलं? नको असलेले फोटो कुणी पाठवले? एक जण हसली, मग दुसरी, आणि मग कुणीच हसेना. "ते तर रोजचंच," एक जण म्हणाली. हा काही अभ्यास नाही, दहाच मुली होत्या. पण रोजच्या गोष्टीला त्यांच्याकडे नावच नव्हतं. होतं ते छेडछाड, आणि छेडछाडीची तक्रार करायची असते का?

सिस्टर म्हणाल्या की तो कागद मराठी आणि गुजरातीत करून दे, लावूया. मराठीचा झालाय. गुजरातीला मदत हवी आहे, कुणी करणार असेल तर मला भेटा.

राहिली माझी सहा ओळींची बातमी. पीडीएफ परत बोलावता येत नाही, ती अजून कुठल्या कुठल्या फोनमध्ये असेल. पण मी ती नव्याने लिहिली, स्वतःसाठीच. 'कॉलेजच्या प्रथम वर्षातील विद्यार्थिनीने पाठलाग आणि मारहाणीची तक्रार दिली आहे. आरोपी दिवाळीपासून तिच्या मागे येत होता, नकार देऊनही त्याने मेसेज पाठवणे थांबवले नाही आणि बसस्टँडवर तिला ओढून मारले, असे तिने तक्रारीत म्हटले आहे. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आहे.' एवढंच. मथळा: 'पाठलाग व मारहाण, विद्यार्थिनीची तक्रार'. मोजला. जुन्या मथळ्यापेक्षा दोन शब्दांनी लहानच निघाला, काकांना दाखवायचा राहिलाय.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा बसमध्ये भेटली. मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचलं. बस समरवरणीपाशी थांबली होती, बाहेर पाऊस, काचा बंद. मला वाटलं आता काहीतरी चांगलं म्हणेल.

"प्रथम वर्ष कशाला लिहिलंय?" ती म्हणाली. "ते काढा."

काढलं.